टोप झाकून ठेवावा

पनवेल, ७ फेब्रुवारी २०१०

गुणाआत्या,

मागच्या वेळी तूच म्हणालीस, "फोनवर तू नुसतं हं हं करतेस, काय सांगायचं ते लिहून पाठव." म्हणून लिहिते आहे. प्रणितदादा द्रोणागिरीच्या गोदामातले कागद घेऊन पनवेलला येतोच, तेव्हा तुझा मुलगाच आपला पोस्टमन. त्याच्या हाती हे पत्र आणि एक सीडी देते.

सीडीत मी केलेला प्रोग्रॅम आहे. नाव 'चूल'. दिवसभर मी क्लासमध्ये मुलांना कॉम्प्युटर शिकवते आणि उरलेल्या वेळात गेलं वर्षभर हे करत होते. घरी रांधणाऱ्या बाईला आपले पदार्थ त्यात लिहून ठेवता येतील. पदार्थाचं नाव, साहित्य, कृती आणि शेवटी टीप, असे चार रकाने आहेत. किती माणसांचं करायचं ते सांगितलं की साहित्याचं प्रमाण तो स्वतः काढून देतो. मराठी टाइप करता येत नाही ही अडचण मी आधीच सोडवली आहे. पडद्यावर बाराखडीची पाटी दिसते, हवं त्या अक्षरावर माउस नेऊन दाबायचं. प्रणितदादा एकदा दाखवेल.

आत्या, आपल्या घरात ग्रॅज्युएट झालेली मी पहिली. त्या शिक्षणाचा उपयोग मला आपल्या माणसांसाठी करायचा आहे. आपल्याकडे जे रांधतात ते कुठल्याच छापील पुस्तकात नाही. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "एवढे पैसे घालून पोरगी शिकवली, ती शेवटी चुलीजवळच आली." आणि स्वतःच हसत बसले.

तू तुझे पदार्थ भर. भामाकाकींनाही भरू दे. तुम्ही दोघी जावा बोलत नाही हे मला माहीत आहे. का, ते मात्र कोणी सांगत नाही. पण कॉम्प्युटरशी तर कोणाचं भांडण नाही ना?

तुझ्या उत्तराची आणि जमल्यास सुक्या बोंबलांची वाट पाहते.

तुझी भाची
किशोरी

&nbsp;

उरण, २१ फेब्रुवारी २०१०

किशोरी बाय,

पत्र पोचलं. बोंबील पाठवलेत. दादाला सांग, पोरगी चुलीजवल आली म्हनून हसतोस, पन तुला चुलीवरून ताट कोन वाढतं?

कॉम्प्युटर प्रणितने देवाच्या खोलीत ठेवलाय. आमचं घर मधून दोन झालं तरी ती खोली दोघींची हाय, तिला कुलूप कोनी लावायचं नाय. सकालचा दिवा मी लावते, संध्याकालचा ती. सासूबाईंनीच तसं वाटून दिलं होतं. म्हनून सकाली मी बसते तुझ्या यंत्रासमोर. संध्याकाली कोन बसतं ते मना ठाव नाय. मी बघायला जात नाय.

तुझ्या प्रोग्रॅमला काय काय विचारायची सवय हाय ग. मीठ किती? चवीपुरतं लिवलं तर घेत नाय, आकडा मागतो. मी एक लिवला. किती मानसांसाठी? आता मानसं पोटभर जेवनारी का पाहुनचारापुरती, ते कुठं लिवायचं? आन् उरनच्या मानसाला मासली असली की भात दुप्पट लागतो, ते तुझ्या कॉलेजात शिकवलं नाय वाटतं.

पन अक्षरांची पाटी बरी केलीस. एकेक अक्षर शोधताना भाजी करपली एकदा. टिपेचा रकाना मना लय आवडला. तिथं कायपन लिवता येतं.

जेवत जा येळेवर.

आत्या

&nbsp;

पनवेल, १५ मार्च २०१०

आत्या,

प्रणितदादाने पेन ड्राइव्ह दिला आणि मी तो तसाच क्लासमध्ये उघडून बसले. एवढे पदार्थ! मला खरंच भरून आलं. सोबत कोळंबीच्या लोणच्याचे दोन डबे आले. दोन का, असं विचारलं तर दादा म्हणाला, "एक आईने दिला, एक काकीने. दोघींनी सांगितलंय, दुसरीला सांगू नको. मना काय विचारू नको, मी नुसता डबेवाला."

पण आत्या, फाइलमध्ये थोडा गोंधळ झाला आहे. जवळजवळ प्रत्येक पदार्थ दोनदा आहे, एकदा सकाळी भरलेला, एकदा संध्याकाळी. आणि टिपेच्या रकान्यात कोणीतरी भलतंच लिहिलंय. कोळंबीच्या कालवणाखाली बघ:

"चिंच घालू नये, कोकम घालावं. ज्यांना ठाव नाय त्यांनी विचारावं."

त्याच्याखाली: "विचाराया बोलावं लागतं."

तांदळाच्या भाकरीखाली तर याहून मोठं:

"काल जलका वास येत होता."

"गॅस संपला होता. लाकडावर केल्या."

"आमच्यात भरलेला सिलेंडर होता."

आता सिलेंडरचा पाककृतीशी काय संबंध? शेजारची मुलं येऊन खेळतात का? चिंबोऱ्यांची एक टीप मात्र उपयोगी वाटली: "टोप झाकून ठेवावा. झाकला नाय तर कोनीपन येऊन ढवलतं." ढवळल्याने चिंबोरीच्या नांग्या तुटत असतील, असं मी समजते. बरोबर ना?

पुढच्या महिन्यात पनवेलला बचत गटांचं प्रदर्शन आहे. तिथे मला टेबल मिळालं आहे. त्याआधी मी प्रोग्रॅमची दुसरी आवृत्ती करते आहे. एक पदार्थ, एक नोंद. टीप चाळीस अक्षरांची. माहिती स्वच्छ असली तरच तिचा लोकांना उपयोग होतो, हे आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षीच शिकवलं होतं.

लोणचं संपलं. दोन्ही डबे.

किशोरी

&nbsp;

उरण, २८ मार्च २०१०

किशोरी बाय,

पोरं बिरं कोनी येत नाय. त्या टिपा असू दे. जागा खातात काय? तुझ्या सीडीला भूक लागते काय?

मी काय सांगते, तू प्रदर्शनात काय दाखवायचं ते दाखव, पन आमच्याकडं हाय ते हाय तसं राहू दे. दोन असले म्हनून काय झालं. बाजारात एकाच ओलीत दोन कोलनी बसतात, दोघींची मासली खपते.

नांग्यांचं तू बरोबर समजलीस. तसंच समज.

गेल्या आठवड्यात मना ताप होता, दोन दिवस सकालचा दिवा लावाया उठले नाय. तिसऱ्या दिवशी गेले तर पेजेखाली लिवलेलं: "तापात पेज पातल करावी, वर लसनाची चटनी. दारात ठेवली हाय." दारात खरंच होती. भांडं घासून परत दारात ठेवलं. हे तुला उगाच सांगितलं.

आत्या

&nbsp;

पनवेल, १२ एप्रिल २०१०

आत्या,

प्रणितदादाला दहा दिवस बंदराच्या कामातून सुटका नव्हती, त्यामुळे तुझं पत्र मला आज मिळालं. नवी सीडी मात्र मी गेल्याच आठवड्यात त्याच्या मित्राच्या टेम्पोतून पाठवली होती आणि दादाने ती चढवलीसुद्धा. काळजी करू नकोस, सगळं व्यवस्थित आहे. जिथे एक पदार्थ दोनदा होता तिथे मी तुझी पाककृती ठेवली. तू माझी आत्या, त्यामुळे निवडायला वेळ लागला नाही. चिंबोऱ्यासुद्धा तुझ्याच ठेवल्या. दुसरीत मसाला फारच कमी होता, आकडा चुकला असावा.

आता प्रत्येक पदार्थावर तुझंच नाव आहे, पडदा किती नीटनेटका दिसतो बघ.

प्रदर्शनात बायका थांबत होत्या, बघत होत्या. पण विकत कोणी घेतली नाही. एक बाई म्हणाल्या, "छान आहे, पण आमच्याकडे असं करत नाहीत." दुसऱ्याही तेच म्हणाल्या. आमच्याकडे असं करत नाहीत. मग तुमच्याकडे कसं करतात ते लिहा, असं सांगितलं, तर म्हणाल्या, "लिहिलंय की आधीच कोणीतरी." काय चुकतंय ते कळत नाही. सुचतंय का तुला काही?

ताप उतरला का?

किशोरी

&nbsp;

उरण, २ मे २०१०

किशोरी,

ताप उतरला. दुसरा चढला.

संध्याकालचा दिवा लागतो. पन दिवा लावून ती मागल्या पावली निघून जाते. यंत्र चालू करत नाय. मी रोज सकाली बघते, नवीन काय नाय. पयल्या दिवशी मना कलेना. मग बघितलं तर तिचं एकपन नाव नाय. कोलंबी माझी, भाकरी माझी, पेज माझी. मी कधी पेज लिवलीच नव्हती, तिच्या पेजेवर तू माझं नाव घातलंस. आन् चिंबोऱ्या माझ्या.

तिला वाटतं मीच तुला सांगितलं. का नाय वाटनार? भाची कोनाची?

तुला आता सांगते. गौरी आमच्या देवाच्या खोलीत बसते, दोघींची मिलून एकच. आमच्यात तिला तिखटाचा निवद असतो, चिंबोऱ्यांचा. चार वर्सं झाली, गौरी एक आन् निवद दोन. तिचा टोप येगला, माझा टोप येगला. पाहुन्या बाया बघतात आन् पदर तोंडाला लावतात. तुझी पयली सीडी आल्यापासून जरा जरा बोलनं चालू झालं होतं. बोलनं म्हंजे टोमनेच, पन टोमना मारायला तरी मानूस लागतो समोर. तू नवी सीडी पाठवलीस त्याच्या आदल्या दिवशी तिनं लिवलं होतं, "यंदा गौर कधी हाय?" तिच्या घरात कालनिर्नय टांगलेलं हाय. तरी विचारलं. मी उत्तर लिवाया गेले तर रकानाच बंद. चालीस अक्षरं संपली म्हनतो.

आता गौरीला परत दोन टोप. तू शिकलेली हायस, हे कसं निस्तरायचं ते तू बघ.

डबा नाय पाठवला.

आत्या

&nbsp;

पनवेल, ९ मे २०१०

भामाकाकींना किशोरीचा नमस्कार.

आपण लग्नाकार्यात भेटलो तेवढंच. तरी हे पत्र लिहिते आहे, कारण चूक माझी आहे आणि तिचा दोष तुम्ही गुणाआत्याला देत असाल.

तुमच्या पाककृती मी काढल्या. आत्याने सांगितलं नव्हतं. उलट तिने सगळं आहे तसं राहू दे असं लिहिलं होतं. तिचं पत्र मला उशिरा मिळालं. आणि खरं सांगायचं तर ते वेळेवर मिळालं असतं तरी मी ऐकलं नसतं. एका पदार्थाची एकच बरोबर कृती असते असं मला वाटत होतं. दोन दिसल्या की एक चुकीची, आणि कुठली चुकीची ते न चाखता, न विचारता मी ठरवलं. तुमच्या मसाल्याचा आकडासुद्धा मला चूक वाटला. तुमची पेज तर मी दुसऱ्याच्या नावावर घातली.

तुमचं लिहिलेलं नाहीसं झालेलं नाही. पहिला पेन ड्राइव्ह मी जपून ठेवला आहे. त्यानंतर तुम्ही जे लिहिलंत तेही तुमच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या फाइलमध्ये आहे. प्रणितदादाकडून ती मागवली आहे. मी नवी आवृत्ती करते आहे. तिच्यात 'कोणाचं' असा रकाना असेल. एकाच नावाचे कितीही पदार्थ राहतील, ज्याचा त्याच्या नावाने. आणि टीप हवी तेवढी लांब.

याहून आणखी काही हवं असेल तर सांगा. मी करून देईन. रागावून काही सांगितलंत तरी चालेल.

किशोरी

&nbsp;

उरण, ६ जून २०१०

किशोरीस,

मी चौथी शिकले हाय. लिवन्यातल्या चुका काढू नको, नायतर त्यापन पुसशील.

राग आला होता. तुझ्यावर नाय. तू पोर हायस आन् तुला कोनी सांगितलं नव्हतं. आता मी सांगते, म्हंजे तुझ्या चिंबोरीच्या नांग्यांचा उलगडा होईल. प्रणितने मना तुझ्या वयनीला लिवलेल्या पत्रातलं ते वाचून दाखवलं. बऱ्याच दिवसांनी एवढी हसले.

चार वर्सांमागं गौरीचा निवद माझ्याकडं होता. निवद चाखत नाय. देवाच्या आधी आपन चाखायचं नाय, हाताच्या अंदाजावर रांधायचं. मी टोप उतरवला आन् केलीची पानं धुवाया विहिरीवर गेले. येऊन बघते तर गुनावयनीने टोप परत चुलीवर चढवलेला आन् आपल्या डब्यातला मसाला घालून ढवलतेय. चार पाहुन्या बायांसमोर. म्हनाली, "वास नाय येत ग." माझ्या आईच्या गावी मसाला कमीच घालतात, चिंबोरीची चव मरू नये म्हनून. वास मुद्दाम नाय येत. मना विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं नाय.

वयनीने मसाला घातला, तू टोपच पुसलास. भाची आत्यावर गेली.

तू विचारलंस ना काय पायजे? माझ्या पाककृतीला झाकन पायजे. दुसऱ्याला बघता यावं, त्यात काय घालता येऊ नये. बोलायचं असंल त्यानं खाली बोलावं. ढवलायचं असंल त्यानं आपला टोप आनावा.

तुझं यंत्र एवढं करंल काय?

डब्यात करंदी हाय. वयनीला सांगू नको.

भामा

&nbsp;

पनवेल, ११ जुलै २०१०

आत्या,

तिसरी आवृत्ती पाठवते. सगळं जुनं परत आणलं आहे, सिलेंडरसुद्धा.

या वेळी आधी एक गोष्ट सांगते, मग तक्रार करू नकोस. आता प्रत्येकीची पाककृती तिच्या नावावर आहे आणि तिच्यावर झाकण आहे. ज्याची त्याने गुप्त खूण, म्हणजे पासवर्ड, टाकली तरच ते उघडतं. काकींच्या चिंबोऱ्यांत तुला काही घालता येणार नाही, तुझ्यात त्यांना नाही आणि कुणाच्याच पाककृतीत मला नाही. खाली मात्र वाटेल तेवढं लिहिता येतं. हे मला सुचलेलं नाही. हे काकींनी सांगितलं, आणि का, तेही सांगितलं. मी तुला त्याबद्दल काही विचारणार नाही.

क्लासमध्ये येणाऱ्या दोन बायकांना ही आवृत्ती दाखवली. दोघींनी एकाच संध्याकाळी आपापली पाटवडी भरली आणि एकमेकींच्या पाटवडीला नावं ठेवायला बसल्या. मला घरी जायला उशीर झाला, पण प्रदर्शनातल्या बाईंचं म्हणणं तेव्हा कळलं. आधी कोणीतरी लिहून ठेवलेलं असलं की आपलं लिहायला जागा उरत नाही. मी सगळ्यांसाठी करते म्हणत होते आणि प्रत्येक पदार्थाला खुर्ची एकच ठेवली होती.

बाबा म्हणतात, "गुणाला सांग, झाकण तिच्या हातांना लाव." मी सांगणार नव्हते. पण त्यांनी हे पत्र वाचायला मागितलं, म्हणून लिहावं लागलं.

काकींनी विचारलेला प्रश्न पुन्हा तिथे आहे. यंदा गौर कधी आहे ते तू सांगितलेलं नाहीस.

किशोरी

&nbsp;

उरण, २० सप्टेंबर २०१०

किशोरी बाय,

लय दिवसांनी लिवते. गनपतीची गडबड होती. गौर आली आन् गेली.

दादाला सांग, माझ्या हातांना झाकन लावाया तो लहानपनापासून बघतोय, जमलं नाय.

तुझी सीडी आल्यावर मी चार सकाली नुसती बघत बसले. मग तिच्या प्रश्नाखाली गौरीची तारीख लिवली. दुसऱ्या दिवशी तिनं लिवलं, "चिंबोऱ्या यंदा महाग असतील." मी लिवलं, "एकाच टोपाच्या आनल्या तर परवडतील." मग तीन दिवस काय नाय. मना वाटलं, गेलं परत. चौथ्या दिवशी बघते तर तिच्या चिंबोऱ्यांखाली लिवलेलं, "चिंबोऱ्या ज्यांनी आनायच्या त्यांनी आनाव्या. रांधनार मी. मसाल्याचा डबा आपल्या घरात ठेवून यावं."

चांगल्या भरलेल्या आनल्या, करंजा गावच्या कोलनीकडून निवडून. गौरीच्या दिवशी सकालीच तिच्या दारात नेऊन दिल्या. डबा घरात ठेवला. खरं सांगते, कनवटीला मसाल्याची एक पुडी होती. सवय ग. तिच्या चुलीजवल पाटावर बसले आन् तिनं टोप उतरवला. वास नाय. तुला काय सांगू, हात असे शिवशिवले. ती पानं धुवाया गेली. टोपावर झाकन ठेवलंच नाय तिनं. मुद्दाम. माझ्याकडं बघत बघत गेली. पाहुन्या बाया पन बसलेल्या, सगल्यांचे डोले माझ्यावर. मग मी उठले, तिचं झाकन फलीवरून काढलं, टोपावर ठेवलं आन् पुडी मोरीत टाकली. ती दारात उभी होती. कधी आली ठाव नाय.

निवद दाखवला. मग जेवाया बसलो. मी म्हनाले, "मसाला कमी हाय." चार वर्सांत तिच्या तोंडावर बोललेला पयला शब्द. ती म्हनाली, "चिंबोरी कशी लागली ते सांग." मी म्हनाले, "गोड लागली." ती म्हनाली, "मग घे अजून, आन् गप जेव." दुसऱ्या बायांनी पदर तोंडाला लावले, पन या टायमाला हसाया आमी दोघीपन होतो.

तवापासून सारखी बडबड चालू हाय. सकालचा दिवा मी लावायला जाते तर ही पन येते, म्हनते वात मोठी केलीस. तुझ्या यंत्रावर आता कोनी काय लिवत नाय. प्रणित त्याच्यावर गानी लावतो. वाईट वाटून घेऊ नको. टोमना मारायला आता भिंतीपलीकडून हाक मारली की पुरतं.

फकस्त एक पदार्थ नवीन घातलाय, चिंबोऱ्या तिसऱ्या. तिच्यापेक्षा मसाला जास्त, माझ्यापेक्षा कमी. दोघींनी मिलून केल्या, दादासाठी पाठवल्यात. डबा एकच हाय.

पन बाय, तुझ्या 'कोणाचं'च्या रकान्यात एकच नाव मावतं. माझं घातलं की हिचं निघतं, हिचं घातलं की माझं. ते तेवढं दुरुस्त करून नवी सीडी पाठव. तवर तो रकाना आमी रिकामा ठेवलाय. लवकर कर, कारन नाव पयलं कोनाचं यायचं, त्यावरून कालपासून सुरू झालंय.

गुणाआत्या
आन् भामाकाकी (तिनं स्वताच्या हातानं लिवलंय, मी पुसलं नाय)